पंतप्रधानांना खुलं पत्र : युद्धात काय गमावलं, ते आधी आम्हाला सांगा

माननीय पंतप्रधान महोदय,

सादर नमस्कार.

मी ग्वाल्हेरची. लष्कर भागात, दौलतगंजात आमचं जुनं घर आहे. ३५ वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. माझा मुलगा हवाई दलात विमानांच्या देखभालीचं काम करतो. कुठल्या तळावर, ते इथं लिहीत नाही. तो फोनवर सांगत नाही आणि मी विचारत नाही. गुप्तता म्हणजे काय, हे आमच्या घराला कुणी शिकवायला नको. विमान हवेत असताना त्याचा मार्ग मला सांगा, असं मी कधीच म्हणणार नाही. पण विमान पडून गेल्यावर, शत्रूनं त्याचे तुकडे गोळा केल्यावर, परदेशी वर्तमानपत्रांत ते छापून आल्यावरही जी गोष्ट फक्त आपल्याच लोकांपासून झाकून ठेवली जाते, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे. गप्प राहून पाहिलं. आता राहवत नाही.

पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तानविरुद्ध ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, त्या ७ मे २०२५च्या संध्याकाळी आमच्या शहरात ब्लॅकआउटचा सराव होता. मध्य प्रदेशातल्या ज्या ५ शहरांत तो झाला, त्यांत ग्वाल्हेर होतं. भोंगा झाला तसे आम्ही घरातले सगळे दिवे घालवले, देवापुढचं निरांजनसुद्धा शांत केलं. गल्लीत एक खिडकी उजळ दिसत नव्हती. कुणी कुरकुर केली नाही. सरकारनं सांगितलं आणि लोकांनी ऐकलं. लोकांचा विश्वास कसा दिसतो, हे त्या संध्याकाळी आपण दौलतगंजात येऊन पाहायला हवं होतं.

दुसऱ्याच रात्री टीव्हीवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी सुरू झाली. शेजारी टाळ्या वाजवत होते. मी मुलाला फोन लावत होते आणि तो बंद लागत होता. सकाळपर्यंत ती बातमी खोटी ठरली. ज्यांनी ती रात्रभर दाखवली, त्यांना सरकारनं जाब विचारल्याचं मला तरी दिसलं नाही. शत्रूच्या अफवांवर लगेच खुलासे निघाले, ते योग्यच होतं. आपल्या विजयाच्या अफवाही अफवाच असतात, आणि त्या रात्री माझ्यासारख्या बायकांना त्याच जास्त भोवल्या. कारण एवढं मोठं काही झालं असेल, तर उलट वार कुठल्या तळावर येईल, या विचारानं आम्ही पहाट पाहिली.

११ मेला हवाई दलाच्या मोहिमांचे महासंचालक एअर मार्शल भारतींनी पत्रकारांना सांगितलं की आपण युद्धाच्या परिस्थितीत आहोत, नुकसान हा लढाईचा भागच असतो आणि आपले सगळे वैमानिक परत आले आहेत. त्या उत्तरावर मी पुढचे २० दिवस काढले. मला ते पुरलं, कारण ते प्रामाणिक वाटलं. मग ३१ मेला संरक्षण दलप्रमुखांनी सिंगापुरात एका परदेशी वृत्तसंस्थेला मुलाखत दिली आणि आपण विमानं गमावली, डावपेचात चूक झाली, ती सुधारून दोन दिवसांत पुन्हा उड्डाण केलं, हे सांगितलं. किती विमानं, ते सांगितलं नाही. एका फौजी अधिकाऱ्यानं खरं सांगितलं याचा मला राग नाही, त्यांचे मी आभारच मानते. पण ही गोष्ट दिल्लीत, आपल्या तोंडून, आपल्या संसदेत का सांगितली गेली नाही? ग्वाल्हेरच्या आईला ती सिंगापूरहून का कळावी?

जुलैत संसदेत चर्चा झाली. त्याआधी १६ पक्षांनी विशेष अधिवेशन मागितलं होतं, ते मिळालं नव्हतं. पहलगामनंतर २४ एप्रिलला आणि पुन्हा ८ मेला सर्वपक्षीय बैठका झाल्या, त्या दोन्हींना आपण नव्हता. म्हणून जुलैच्या चर्चेकडे मी डोळे लावून बसले होते. संरक्षणमंत्री म्हणाले की परीक्षेत निकाल महत्त्वाचा, पेन्सिल मोडली की पेन हरवलं हे कुणी पाहत नाही. महोदय, मी आयुष्यभर पेपर तपासले आहेत. ही उपमा मला फार लागली. माझा मुलगा ज्या विमानाचा एकेक खिळा तपासून ते वैमानिकाच्या स्वाधीन करतो, ते पेन्सिल नाही. ते परत आलं नाही तर तो जेवत नाही. चूक त्याच्या हातून झाली असेल का, हे त्याला रात्रभर छळतं. त्याला निकालाइतकंच कारणही कळायला हवं, नाहीतर पुढचं विमान तो कसं तयार करणार?

त्या चर्चेत आपणही बोललात, बराच वेळ बोललात. आपल्या बाजूचा आकडा त्यात आला नाही. मग ९ ऑगस्टला बंगळुरात हवाई दलप्रमुखांनी पाकिस्तानची ५ लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान पाडल्याचं जाहीर केलं. ते व्याख्यान एअर चीफ मार्शल लक्ष्मण माधव कात्रे यांच्या स्मरणार्थ होतं, म्हणून आमच्या घरात ते आणखी आपुलकीनं ऐकलं गेलं. पण ऐकता ऐकता वाटलं, शत्रूची विमानं मोजून सांगता येतात, मग आपली मोजलेली सांगितली तर सुरक्षिततेला काय धक्का बसतो? हे पत्र लिहीपर्यंत मला त्याचं उत्तर मिळालेलं नाही.

हा प्रश्न मला एवढा का टोचतो, ते सांगायचं तर १९६२मध्ये जावं लागेल.

माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा, तेव्हा नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचलात, सैन्यात होते. मी लहान होते. वाड्याच्या ओसरीवर आजोबांचा मोठा रेडिओ होता, त्याच्याभोवती आळीतली माणसं जमायची. १२ ऑक्टोबरला पंतप्रधान नेहरू श्रीलंकेला निघताना म्हणाले की चिन्यांना हटवण्याचा हुकूम सैन्याला दिला आहे. म्हणजे आपली तयारी आहे, असं सगळ्यांनी धरलं. ८ दिवसांनी, २० ऑक्टोबरला, चीननं हल्ला केला. आईनं हातातल्या पाटल्या संरक्षण निधीला दिल्या, आत्यानं गळ्यातली मोहनमाळ दिली. नोव्हेंबरात से ला खिंड आणि बोमडीला चीनच्या ताब्यात गेलं. डिसेंबरात तार आली. तिच्यात एकच कामाचा शब्द होता : बेपत्ता.

त्या युद्धात बेपत्ता झालेल्या आपल्या जवानांचा सरकारी आकडा १,६९६ आहे. आमच्या घरात तो आकडा म्हणजे एका बाईचं कपाळ होतं. आत्या कुंकू लावत राहिली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही, हे आळीतल्या बायकांना कळेना. काही बोलवत, काही तिच्या दारावरून नजर चुकवून जात. दोन वर्षांनी तिनंच जाणं बंद केलं. पुढे कागदोपत्री तिला विधवा लिहिलं, पेन्शन सुरू झालं, ते तिनं सही करून घेतलं आणि घरी येऊन पुन्हा कुंकू लावलं. अनेक पत्रं लिहिली. तिला शौर्यपदक नको होतं. त्यांच्या तुकडीला कुठं थांबायला सांगितलं होतं आणि माघारीचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचला होता का, एवढंच ती विचारायची. ज्या कार्यालयात ती लिहायची, तिथून पोच यायची, उत्तर नाही. १९९४ साली ती गेली तेव्हा तिला सवाष्ण म्हणून न्यायची की कशी, यावर अंगणात कुजबुज सुरू झाली. शेवटी माझ्या आईनं कुणाला न विचारता तिचा मळवट भरला.

त्या पराभवाची चौकशी झाली होती. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांचा अहवाल १९६३ साली सरकारला मिळाला. तेव्हा यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून ग्वाल्हेरच्या मराठी घरांतही पेढे वाटले गेले होते. २ सप्टेंबर १९६३ला त्यांनी लोकसभेत त्या अहवालाचा गोषवारा सांगितला : प्रशिक्षणात, साधनसामग्रीत, हुकमाच्या व्यवस्थेत उणिवा होत्या. गोषवारा सांगितला, अहवाल बंदच राहिला. २०१०मध्ये काँग्रेसच्या सरकारनं संसदेत सांगितलं की तो आजही संवेदनशील आहे. २०१४च्या मार्चमध्ये, आपला पक्ष विरोधात असताना, अरुण जेटलींनी असे जुने कागद कायम दडवून ठेवण्याला लेखी आक्षेप घेतला. त्याच वर्षी जुलैत ते स्वतः संरक्षणमंत्री होते आणि अहवाल उघड करणं राष्ट्रहिताचं नाही, असं उत्तर राज्यसभेत आलं. मध्ये फक्त निवडणूक झाली होती. सरकार कुणाचंही आलं तरी माझ्या आत्याला उत्तर मिळालं नाही, म्हणून हे पत्र कुठल्याही पक्षाच्या बाजूनं आहे असं कृपया समजू नका.

नेहरूंचा कारभारही मला उगाळून गोड करायचा नाही. अक्साई चीनमधल्या चिनी रस्त्याबद्दल सरकारनं चीनला निषेधाची चिठ्ठी ऑक्टोबर १९५८मध्ये पाठवली होती, संसदेला मात्र ते ऑगस्ट १९५९मध्ये कळलं. दहा महिने देश अंधारात होता. पण एक गोष्ट त्यांनी केली, आणि ती करायला लावणारा आमच्या गावचा माणूस होता. अटलजी शिंदे की छावणीत वाढले, गोरखीच्या शाळेत शिकले, व्हिक्टोरिया कॉलेजात शिकले. १९६२च्या ऑक्टोबरात ते राज्यसभेचे ३७ वर्षांचे सदस्य होते. युद्ध चालू असताना ते नेहरूंकडे गेले आणि संसद लवकर बोलवा म्हणाले. नेहरूंनी ऐकलं. ८ नोव्हेंबरला अधिवेशन भरलं. चर्चा बंद दाराआड घ्यावी, अशीही सूचना आली होती, ती नेहरूंनी मानली नाही. से ला अजून पडायची होती, माझे आतोबा कदाचित अजून जिवंत होते, आणि दिल्लीत पंतप्रधानांना उघड जाब विचारला जात होता. लोकांनी त्यामुळे दागिने द्यायचं थांबवलं नाही.

१९९९मध्ये, कारगिलच्या युद्धात, अटलजी स्वतः पंतप्रधान होते. २७ मेला दोन विमानं गेली, एक वैमानिक पकडला गेला, स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा धारातीर्थी पडले. २८ मेला हेलिकॉप्टर पाडलं गेलं, त्यातले चारही जण गेले. हे सगळं देशाला तेव्हाच सांगितलं गेलं. आम्ही रडलो, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. पुढं जूनमध्ये आमच्या महाराजपुऱ्याच्या तळावरची मिराज विमानं टायगर हिलवर जाऊन आली, तेव्हा ती बातमी खरी आहे का, असा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही, कारण आधी वाईट बातमीही त्याच तोंडून ऐकलेली होती. २६ जुलैला युद्ध संपलं आणि २९ जुलैला के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, फेब्रुवारी २०००मध्ये संसदेत ठेवला गेला. घुसखोरी आधी कळली कशी नाही, हा सरकारला अडचणीचा प्रश्न होता आणि तो विचारला गेला. सगळंच आदर्श नव्हतं. लोकसभा बरखास्त होती म्हणून विरोधकांनी राज्यसभेची बैठक मागितली होती, ती अटलजींच्या सरकारनं बोलावली नाही, हेही मला आठवतं. तरी ५२७ जवान गमावलेल्या देशाला आपल्या पंतप्रधानाच्या शब्दाबद्दल शंका नव्हती.

आज आहे. मला आहे, आणि ते मी लपवत नाही.

ती एका दिवसात आलेली नाही. २६ फेब्रुवारी २०१९ला पहाटे पाकिस्तानातल्या बालाकोटवरच्या हल्ल्यासाठी मिराज महाराजपुऱ्याच्या याच तळावरून उडाली. त्या दिवशी आमच्या बाड्यावर, शहराच्या मुख्य चौकात, फटाके वाजले. मे महिन्यात आपण एका मुलाखतीत सांगितलंत की हवामान खराब होतं, जाणकार तारीख बदलावी म्हणत होते, पण ढगांमुळे विमानं रडारपासून वाचतील असं आपल्याला वाटलं. ज्यांच्या घरातली मुलं त्या विमानांवर काम करतात, त्यांच्या पोटात हे ऐकून खड्डा पडला. रडारच्या लहरी ढगांना अडत नाहीत, हे मुलानं मला नववीत असताना समजावलं होतं. जाणकारांचा सल्ला आणि आपलं मत यांत फरक पडला, तर शेवटी कुणाचं चालतं, हा त्या दिवसापासून माझा प्रश्न आहे.

बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी बडगामला आपलंच हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं. हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक गेला. ही आमची मोठी चूक होती, हे हवाई दलप्रमुखांनी ४ ऑक्टोबरला मान्य केलं. चौकशीला वेळ लागतो, मान्य. पण मधल्या सात महिन्यांत लोकसभेची निवडणूक होऊन गेली, प्रचारात बालाकोट रोज होतं आणि बडगाम एकदाही नव्हतं. त्या सहा घरांनी तो प्रचार कसा ऐकला असेल?

लडाखमधल्या गलवानबद्दल एवढंच लिहिते. चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत २० जवान गेले. १९ जून २०२०ला सर्वपक्षीय बैठकीत आपण म्हणालात की आपल्या हद्दीत कुणी घुसलेलं नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या कार्यालयाला खुलासा करावा लागला. ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून चिनी घुसखोरीचा उल्लेख असलेला कागद काढून टाकला गेला. ज्यांच्या घरी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली, त्यांना आपला मुलगा कुठं आणि कुणाला अडवताना गेला, हे त्या दोन वाक्यांतून कसं कळावं?

आमच्या ओळखीतल्या एकजण मला म्हणाल्या, काकू, तुमचा मुलगा फौजेत आहे, तुम्ही तरी असले प्रश्न विचारू नका, शत्रूला बळ मिळतं. मी त्यांना आत्याची तार दाखवली. शत्रूला त्या तारेतून १९६२ सालीसुद्धा काही मिळालं नव्हतं.

मला काय हवं आहे, ते आता सरळ मांडते.

ऑपरेशन सिंदूरमध्ये आपली किती विमानं गेली, किती जवान गेले, पूंछमध्ये तोफगोळ्यांनी किती नागरिक गेले, हे आपण स्वतः संसदेत उभं राहून सांगावं. अधिकाऱ्यांच्या तोंडून नको, परदेशी मुलाखतीत नको. पुढे कधी अशी वेळ आलीच, तर लढाई थांबल्यावर ३० दिवसांच्या आत हे सांगण्याचा नियम संसदेनं करावा.

पहलगाम ते युद्धविराम या सगळ्याची कारगिलसारखी समितीमार्फत चौकशी व्हावी आणि अहवाल, लागेल तेवढा भाग झाकून, संसदेत यावा. २२ एप्रिलला २६ माणसं मारली गेली, त्यांत तिघे डोंबिवलीचे होते. जम्मू-काश्मीरच्या नायब राज्यपालांनी जुलैत सुरक्षेतली चूक मान्य करून जबाबदारी घेतली. पुढं काय झालं? १० मेला युद्धविरामाची बातमी आम्हाला अमेरिकेच्या अध्यक्षांकडून आधी कळली, ती कशी ठरली, हेही त्या चौकशीत यावं.

हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल उघड करावा. जून २०२१मध्ये आपल्याच सरकारनं युद्धांच्या इतिहासाचं धोरण जाहीर केलं, त्यात नोंदी साधारण २५ वर्षांत खुल्या करायच्या असं लिहिलं आहे. त्या अहवालाला ६० वर्षं उलटून गेली. कारगिलचीही २५ वर्षं २०२४मध्ये पूर्ण झाली, तेव्हा झाकलेली पानंही आता पुन्हा पाहावीत. ब्रिटननं इराक युद्धाबद्दल स्वतःच्या माजी पंतप्रधानांची चौकशी करून २०१६ साली १२ खंड छापले. त्या देशाचं सैन्य त्यामुळे दुबळं झालं नाही.

आणि जखमी किंवा बेपत्ता माणसाची बातमी वाहिन्यांच्या आधी त्याच्या घरी पोचावी, त्याच दिवशी, माणसाकरवी. एवढं तर उद्यापासून करता येईल.

महोदय, माझा मुलगा सुट्टी संपवून पुन्हा गेला आहे. मी त्याला जाऊ नको म्हटलं नाही आणि म्हणणार नाही. पण त्याच्याबद्दल काही बरं-वाईट झालं, तर दिल्लीहून येणाऱ्या पहिल्या निरोपावर मी विश्वास ठेवू शकेन का, याचं उत्तर आज माझ्याजवळ नाही.

आत्याची तार मी जपून ठेवली आहे. तिच्यावर आतोबांचा नंबर, हुद्दा आणि तुकडीचं नाव स्पष्ट वाचता येतं. तिची नक्कल या पत्राच्या आपल्याकडे पाठवलेल्या प्रतीला जोडली आहे. त्या अहवालात त्या तुकडीबद्दल एखादी ओळ असेल, तर ती मला कळवावी. आत्या नाही, पण तिच्या फोटोपुढे ती मी मोठ्यानं वाचेन.

आपली नम्र,
दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर येथील एक निवृत्त शिक्षिका